चार्जर कोणता घ्यावा? दीडशे वर्षांच्या एका प्रश्नाचा इतिहास



विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने बॅटरीच्या चार्जरवर का बोलावं. त्याचं उत्तर सोपं आहे. एखादी वस्तू आज जशी आहे तशी ती का झाली, हा प्रश्न इतिहासाचा आहे. आणि ती कशासाठी घ्यायची, हे ठरवताना कोणता विचार आधी करायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. चार्जर विकत घेताना हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी समोर येतात. फक्त दुकानात उभं असताना ते कुणी विचारत नाही, एवढंच.

पेठ हे पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव. एका बाजूला सातगाव पठाराचा बटाटा, दुसऱ्या बाजूला अवसरीचा घाट उतरला की मंचरची बाजारपेठ. इथल्या माणसाला गाडी लागते ती लांबच्या प्रवासापेक्षा रोजच्या फेरीसाठी. बियाणं आणायचं, औषध आणायचं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचं. अशा गावात जुनी, इंजिन गेलेली एखादी छोटी मोटार अंगणात उभी असेल, आणि हाताने काम करणारा एखादा तरुण तिच्यात मोटर आणि आठ बॅटऱ्या बसवायचं मनात आणत असेल, तर त्यात नवल नाही. तो मोटरचा विचार आधी करतो, मग कंट्रोलरचा, मग बॅटरीचा. चार्जर शेवटी येतो, आणि तोवर पैसे संपत आलेले असतात. आमचं आजचं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा का आहे ते बॅटरीचा इतिहासच सांगतो.

आपण १८५९ सालात जाऊ. फ्रान्समध्ये गास्तों प्लांते या शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये कापड घालून त्यांची गुंडाळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडवली. त्यातून वीज आत सोडली तर ती साठते आणि नंतर परत मिळते, हे त्याने दाखवलं. पुन्हा भरता येणारी ही पहिली कामाची बॅटरी. पण इथे एक गंमत आहे. ती भरायची कशाने? घरात वीज नव्हती, गावात नव्हती, शहरातही नव्हती. वीज निर्माण करणारं चांगलं यंत्र यायला अजून दहा-बारा वर्षं होती. म्हणून प्लांतेला आपली बॅटरी दुसऱ्या बॅटऱ्यांनी भरावी लागली, एकदाच वापरता येणाऱ्या रासायनिक घटांनी. म्हणजे जगातला पहिला चार्जर ही स्वतःच एक बॅटरी होती. साठवण्याची युक्ती आधी सापडली आणि भरण्याची सोय मागून आली. आमच्या मते हा क्रम तेव्हापासून चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही.

१८७१ मध्ये ग्रामचा डायनॅमो आला आणि वीज स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची रीत काढली, त्यामुळे प्लेटा तयार करायला महिने लागायचे ते दिवसांवर आलं. त्याच वर्षी गुस्ताव त्रूवे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखवली. म्हणजे पेट्रोलची मोटार जन्माला येण्याच्या आधी विजेची गाडी रस्त्यावर होती. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

१८८२ मध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघांनी आत नेमकं काय घडतं याचा उलगडा केला. बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं आणि आम्ल पातळ होत जातं. भरताना ते सल्फेट विरघळून प्लेटा मूळ रूपात येतात आणि आम्ल पुन्हा घट्ट होतं. म्हणून हायड्रोमीटर घालून आम्लाची घनता पाहिली की बॅटरी किती भरली ते कळतं. आता यातलं महत्त्वाचं असं, की हे सल्फेट ताजं असेल तर सहज विरघळतं. ते तसंच राहू दिलं तर त्याचे कडक खडे बनतात आणि मग ते जागचे हलत नाहीत. आपण ‘बॅटरी बसली’ म्हणतो त्यातल्या कितीतरी बॅटऱ्या वापरून संपलेल्या नसतात. त्या अर्धवट भरून ठेवल्यामुळे संपलेल्या असतात.

पण याच्या उलटही आहे. भरणं झाल्यावरही वीज देत राहिलं तर ती वीज प्लेटांवर काम करायचं सोडून पाण्याचं विघटन करते. पाणी कमी होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतो, प्लेटा झिजतात आणि बॅटरी तापते. थोडक्यात, कमी भरली तरी मरते आणि जास्त भरली तरी मरते. चार्जर म्हणजे या दोन मरणांमधली वाट चालणारं यंत्र. चार्जरचा सगळा इतिहास हा ‘कधी थांबायचं’ हे शिकण्याचा इतिहास आहे.

सुरुवातीला ही जाणीव माणसाच्या डोक्यात होती, यंत्रात नव्हती. १८९७ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विजेच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या. गाडी ठाण्यावर आली की उतरलेला बॅटरीचा संच काढायचा आणि भरलेला बसवायचा. भरण्याचं काम तिथली माणसं करत, व्होल्टमीटरवर आणि आम्लाच्या घनतेवर नजर ठेवून. गाडीवाल्याला त्यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. पुढे श्रीमंत घरांनी विजेच्या मोटारी घेतल्या आणि प्रश्न घरापर्यंत आला. शहरांत वीज येत होती ती बहुतेक ठिकाणी एसी, आणि बॅटरीला लागते डीसी. कूपर ह्युइट याने १९०२ च्या सुमारास पाऱ्याच्या वाफेचा रेक्टिफायर काढला, काचेचा मोठा फुगा आणि त्यात निळसर उजेड. तो मोटारीच्या गॅरेजात भिंतीवर बसला. घरचा चार्जर म्हणावा असा हा पहिला. तरीही विद्युतप्रवाह कमी कधी करायचा आणि बंद कधी करायचा, हे ठरवायला माणूसच लागे.

१९१२ मध्ये एक उलटीच गोष्ट घडली. केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला. हँडल मारायची कटकट गेली आणि पेट्रोलची गाडी कुणालाही चालवता येऊ लागली. तो स्टार्टर चालत होता शिशाच्या बॅटरीवर. म्हणजे विजेची मोटार मागे पडली ती बॅटरीच्या मदतीनेच! पण या घटनेचा आपल्या विषयाशी आणखी जवळचा संबंध आहे. इथून बॅटरीच्या दोन जाती वेगळ्या झाल्या. स्टार्टरची बॅटरी पातळ प्लेटांची असते. ती काही सेकंद जोरदार करंट देते आणि लगेच गाडीच्या डायनॅमोवर भरली जाते. ती खोलवर उतरवायची नसते. रोज खोल उतरून रोज भरायची बॅटरी वेगळी, तिच्या प्लेटा जाड. ट्रॅक्टरची किंवा ट्रकची बॅटरी स्वस्त मिळते म्हणून ती विजेच्या गाडीत घातली, तर जगातला उत्तम चार्जरही तिला फार दिवस वाचवू शकत नाही.

त्यानंतर अर्धं शतक विजेची गाडी जिवंत राहिली ती गोल्फच्या मैदानावर, कारखान्यांच्या आवारात आणि इंग्लंडातल्या दूधवाल्यांकडे. इंग्लंडातल्या हजारो दुधाच्या गाड्या पहाटे निघायच्या, ठरलेली फेरी करून परत यायच्या आणि उरलेला वेळ डेअरीत चार्जिंगला लागायच्या. ठरलेलं अंतर आणि ठरलेली वेळ, म्हणून बॅटऱ्या वर्षानुवर्षं टिकायच्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत अनेक हौशी लोकांनी घरच्या घरी मोटारी बदलायला घेतल्या. त्यांनी गोल्फगाडीच्या सहा व्होल्टच्या बॅटऱ्या उचलल्या. चार्जर मात्र महाग, म्हणून कित्येकांनी घरच्या सॉकेटमधली वीज नुसत्या डायोडमधून काढून थेट बॅटरीला जोडली. ते चालायचं. पण त्यात दोन गोष्टी नव्हत्या, थांबण्याची अक्कल आणि माणसाच्या जिवाची सुरक्षितता. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

आपल्या बाजूला हा इतिहास उशिरा आला, पण आला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेवर चालणाऱ्या रिक्षेवर काम केलं. डॉ. अनिल राजवंशी यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या रिक्षेत शिशाच्याच बॅटऱ्या होत्या. २००१ मध्ये बंगळुरूची रेवा मोटार बाजारात आली. सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, एकूण ४८ व्होल्ट, आणि चार्जर गाडीतच बसवलेला, घरातल्या साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लागणारा. या गाडीतली आम्हांला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे बॅटरी, चार्जर आणि त्यावर देखरेख करणारं इलेक्ट्रॉनिक्स यांचा विचार एकत्र केलेला होता. काठमांडूत १९९३ पासून डिझेलचे टेंपो काढून विजेचे करण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या ‘सफा टेंपो’त सहा व्होल्टच्या बारा बॅटऱ्या, ७२ व्होल्टचा संच. प्रत्येक टेंपोसाठी दोन संच असत. एक रस्त्यावर आणि दुसरा चार्जिंगच्या ठिकाणी. म्हणजे न्यूयॉर्कची जुनी रीत हिमालयाच्या पायथ्याशी पुन्हा आली. गरीब देशात शिशाची बॅटरी गाडी चालवू शकते, पण भरण्याची शिस्त बसवली तरच, हे काठमांडूने दाखवून दिलं.

आता पेठेकडे येऊ. आपल्या गावांची शिशाच्या बॅटरीशी खरी ओळख झाली ती लोडशेडिंगने. २००५ नंतरच्या काही वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आला, त्याखाली ट्यूब्युलर बॅटरी आली, तिच्यात महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायची सवय आली. ही सवय चांगली. पण तिच्याबरोबर एक समजूतही आली, की चार्जर म्हणजे इन्व्हर्टरमध्ये असतो तसा, आपलं आपण बघून घेणारा. इन्व्हर्टरची बॅटरी दिवसातला बराच वेळ भरलेली बसून असते. गाडीची बॅटरी रोज घाट चढते. दोघींचं जगणं वेगळं, म्हणून दोघींचं खाणंही वेगळं.

समजा, १२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-अवरच्या आठ बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. झाला ९६ व्होल्टचा संच. कागदावर त्यात ९.६ युनिट वीज आहे. पण १०० हा आकडा वीस तासांत सावकाश उतरवण्याचा आहे. तासाभरात ओढली तर ती साठ टक्क्यांच्या आसपासच मिळते. आणि आयुष्य वाढवायचं असेल तर अर्ध्याहून खाली उतरवू नये. हाती राहतात साधारण साडेचार-पाच युनिट. मंचरला जाऊन यायला पुरेल, पुण्याला जायला नाही. हे आधी मान्य केलं की चार्जरची निवड सोपी होते, कारण घाई संपते. रात्रीचे आठ तास आपल्याकडे आहेत.

किती अँपिअरचा चार्जर? शंभरच्या बॅटरीला दहा ते पंधरा. जुन्या लोकांचा एक नियम आहे: जितके अँपिअर-अवर भरायचे बाकी, त्याहून जास्त अँपिअर कधी देऊ नयेत. रिकाम्या पोटी भरपूर, पोट भरत आलं की कमी. नियम विजेचा आहे, पण आमच्यासारख्याला त्यात जुना विचार दिसतो. देणाऱ्याच्या ऐपतीवर नाही, घेणाऱ्याच्या कुवतीवर देणं ठरतं.

हाच नियम चांगला चार्जर तीन पायऱ्यांत पाळतो. पहिल्या पायरीला ठरावीक करंट. मग व्होल्टेज प्रत्येक सेलला २.४ ते २.४५ पर्यंत आलं की ते तिथेच धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. ९६ व्होल्टच्या संचात ४८ सेल, म्हणजे सुमारे ११५ ते ११८ व्होल्ट. करंट एक-दोन अँपिअरवर आला की तिसरी पायरी, सेलला २.२५ म्हणजे १०८ व्होल्टवर नुसतं सांभाळायचं. दुसरी पायरी तीन-चार तास घेते. सकाळी लवकर निघायचं म्हणून जो रोज ही पायरी अर्धवट सोडतो, तो रोज थोडं सल्फेट मागे ठेवतो.

आता पहा, गावात साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर घेतला तर काय होतं. तो आत येणाऱ्या विजेच्या पावलावर पाऊल टाकतो. संध्याकाळी पंप चालू असताना व्होल्टेज २३० चं १८० झालं, तर १४.४ व्होल्ट देणारा चार्जर ढोबळ हिशेबाने ११.३ वर येतो. म्हणजे भरतच नाही. मध्यरात्री तेच २६० झालं तर तो सव्वासोळा व्होल्ट देऊ लागतो. म्हणजे बॅटरी उकळते. एकाच रात्रीत उपासही आणि अजीर्णही! म्हणून आत कितीही चढउतार झाला तरी बाहेर ठरलेलंच व्होल्टेज देणारा इलेक्ट्रॉनिक चार्जर घ्यावा. मात्र एक लक्षात ठेवावं. ९६ व्होल्टला १५ अँपिअर देणारा असा चार्जर घरातून सुमारे दोन हजार वॅट ओढतो. २३० ला ते नऊ अँपिअर होतात, पण १८० ला साडेअकरा. व्होल्टेज पडलं की करंट वाढतो. म्हणून जुन्या वायरिंगवर, पाच अँपिअरच्या सॉकेटवर हा लावायचा नाही. मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइन घ्यावी, अर्थिंग नीट करून घ्यावं.

तापमान हा दुसरा मुद्दा, आणि दुकानदार तो सहसा काढत नाही. वर सांगितलेले आकडे २५ अंशांचे आहेत. दर अंशामागे सेलला सुमारे चार मिलिव्होल्टचा फरक पडतो. एप्रिलमध्ये बॅटरी ४० अंशांना असेल तर संचाला जवळजवळ तीन व्होल्ट कमी द्यायला हवेत. डिसेंबरच्या थंडीत ती दहा अंशांना असेल तर तितकेच जास्त. ज्या चार्जरला तापमानाची वायर असते आणि ती बॅटरीला चिकटवता येते, तो चार पैसे जास्त देऊन घ्यावा. शिवाय बॅटरी पाण्याची आहे की बंद प्रकारची, हे चार्जरला सांगता आलं पाहिजे. पाण्याच्या बॅटरीला महिन्यातून एखादवेळ मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सगळे सेल सारखे करता येतात. बंद बॅटरीला तसं केलं तर उडालेलं पाणी परत घालता येत नाही.

तिसरा मुद्दा, मोठा चार्जर एक की छोटे आठ? एकाच चार्जरने आठ बॅटऱ्या भरल्या तर तो एकूण बेरीज बघतो. सात भरलेल्या आणि एक अशक्त असेल तर बेरीज बरोबर दिसते आणि अशक्त आणखी अशक्त होते. प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र, एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या अलग असा चार्जर दिला तर प्रत्येकीला तिच्यापुरतं मिळतं. पण आठांपैकी एक बंद पडला तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ती एक बॅटरी सगळ्या गाडीला खाली ओढते. म्हणून आठ घेतले तर आठही दिवे रोज बघायचे. एक घेतला तर दर पंधरवड्याला प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून वहीत लिहायचं. यंत्र कोणतंही घ्या, वही सुटत नाही.

आता जिवाचा मुद्दा. नुसत्या डायोडचा, मध्ये बल्ब लावलेला थेट चार्जर गॅरेजात अजून दिसतो. त्यात बॅटरी आणि घरची वीज यांच्यामध्ये कोणतीही भिंत नसते. बॅटरीचं टर्मिनल म्हणजे जिवंत वायरच. पावसाळ्यात, ओल्या अंगणात, अनवाणी पायाने बॅटरीत पाणी घालायला वाकलेल्या माणसाला तो क्षणात मारू शकतो. विजेची बाजू आणि बॅटरीची बाजू ट्रान्सफॉर्मरने वेगळी केलेला चार्जरच घ्यावा. यावर वाद नको. दुसरं म्हणजे हायड्रोजन. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीने पेटतो. गोठ्यात किंवा दारं लावलेल्या खोलीत गाडी चार्जिंगला लावू नये. वर झरोका ठेवावा, कारण हा वायू वर जातो.

आणि गाडी रस्त्यावर आणायची असेल तर कायद्याचाही इतिहास आहे. जुन्या गाडीत विजेचं किट बसवण्याचे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केले. त्याच्या तपासणीचं मानक पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत प्रसिद्ध झालं आहे. मान्यताप्राप्त किट आणि आरटीओची नोंद याशिवाय अशी गाडी शेताच्या बांधापर्यंतच ठेवावी.

शेवटी, यात पणाला काय लागलेलं असतं? पैसा तर आहेच. चुकीचा चार्जर चार-पाच वर्षांचा संच वर्षभरात संपवतो. पण त्याहून मोठं म्हणजे शिसं. दर वेळी अकाली मेलेली बॅटरी कुठे तरी जाते. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत ठिकाणीच परत द्याव्यात, हा नियम २००१ पासून आहे आणि २०२२ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही कुठेतरी मागच्या अंगणात ती फोडली जाते, आम्ल जमिनीत जातं, शिसं मातीत राहतं आणि लहान मुलांच्या रक्तात उतरतं. ज्या मातीत बटाटा पिकतो तिथे ही गोष्ट परवडणारी नाही. एक बॅटरी दोन वर्षं जास्त चालवणं म्हणजे तेवढं शिसं दोन वर्षं मातीपासून लांब ठेवणं.

म्हणून आमचं सांगणं इतकंच: आधी रोजचं अंतर ठरवा, मग घरची वीज आठवडाभर, दिवसा आणि रात्री मोजा, मग बॅटरीचा प्रकार ठरवा, आणि त्या तिघांना मानवेल असा चार्जर निवडा. मोटर त्यानंतर घ्या. प्लांतेकडे हा क्रम पाळण्याची सोय नव्हती. आपल्याकडे आहे.